मृत्युपत्र हाती आहे, पण बाप सापडत नाही: व्हर्जिनियातल्या वसाहतकालीन घराण्याचा माग

प्रश्न थोडक्यात असा. सून अमेरिकन, तिच्या आईकडचं घराणं व्हर्जिनियातलं. नातवंडांसाठी वंशवेल करायला घेतला आणि तो लुनेनबर्ग काउंटीत १७६० च्या दशकात वारलेल्या एका शेतकऱ्यापाशी अडला. त्याच्या मृत्युपत्राचा छापील गोषवारा मिळाला आहे. त्यात बायको, चार मुलगे, दोन मुली. थोरल्याला फक्त एक शिलिंग. एका 'सन-इन-लॉ'ला घोडा दिलाय, पण दोन्ही मुली तर बिनलग्नाच्या. बापाचं नाव कुठेच नाही. इंटरनेटवरचे तयार वंशवृक्ष मात्र याच माणसाला इंग्लंडच्या एका सरदार घराण्याला नेऊन जोडतात. त्यावर विश्वास ठेवायचा का, आणि पुढे काय करायचं?

सरदार तूर्त बाजूला ठेवा. आधी हे पक्कं करा की तुम्ही माणसाचा नव्हे, मिळकतीचा माग काढणार आहात. व्हर्जिनियात राज्यभर जन्ममृत्यूच्या नोंदी सुरू झाल्या १८५३ मध्ये. त्याआधी पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्च-विभागाच्या, नोंदवह्या होत्या, पण त्यातल्या मोजक्याच टिकल्या. १७९० च्या पहिल्या जनगणनेच्या व्हर्जिनियाच्या याद्याही उरलेल्या नाहीत. त्यांची जागा १७८२ पासूनच्या कराच्या याद्यांवर भागवावी लागते. माणूस कधी जन्मला याची सरकारला फिकीर नव्हती. जमीन कुणाची, कर कुणाकडून घ्यायचा, मेलेल्याचं कर्ज कोण फेडणार, याची पुरेपूर होती. म्हणून कागद आहेत ते याच गोष्टींचे. जुन्या सातबाऱ्यावरून फेरफार क्रमांक धरत मागे जाणाऱ्याला ही रीत लगेच उमगेल. फरक इतकाच, की इथे फेरफाराचं रजिस्टर तयार मिळत नाही, ते आपल्यालाच मांडावं लागतं.

पहिलं काम: गोषवारा बाजूला ठेवून मूळ नोंद मिळवा. गोषवारा करणारा नावं उचलतो आणि ज्यात खरा माल असतो ते गाळतो: 'ज्या जमिनीवर मी सध्या राहतो', 'जी मी अमक्याकडून विकत घेतली', 'जी मला माझ्या वडिलांनी ठेवली' अशी वाक्यं, ओढ्याचं नाव, साक्षीदारांची नावं. लुनेनबर्गची मृत्युपत्रांची वही काउंटी स्थापन झाली त्या १७४६ पासूनची आहे. तिची मायक्रोफिल्म रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात आहे आणि प्रतिमा फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावरून पाहता येतात. काही प्रतिमा घरून उघडत नाहीत, त्यांच्या केंद्रावर जाऊन बघाव्या लागतात. एक लक्षात ठेवा: वहीतली नोंद ही कारकुनाने केलेली नक्कल असते. तिच्यातली सही मयताची नव्हे. नक्कल करताना एखादी ओळ सुटलेलीही असते.

मृत्युपत्र हा एका गठ्ठ्यातला एक कागद आहे, आणि बाकीचा गठ्ठा बहुतेक लोक उघडतच नाहीत. मृत्युपत्र कोर्टात आलं त्या तारखेची ऑर्डर बुकातली, म्हणजे कोर्टाच्या हुकमांच्या वहीतली, नोंद काढा. कोणी सादर केलं, कोणत्या साक्षीदारांनी शपथ घेतली, एक्झिक्युटरला (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याला) जामीन कोण राहिले, हे तिथे असतं. जामीन राहणारा म्हणजे पैशाची जोखीम उचलणारा. तो बहुधा भाऊ, मेहुणा, जावई किंवा सासरा निघतो. साक्षीदारांत काही अडचण असली तर कोर्ट कायदेशीर वारसाला, म्हणजे 'एअर-ॲट-लॉ'ला, बोलावून घेई; अशी नोंद सापडली तर थोरला मुलगा कोण हे कोर्टानेच सांगून टाकलं. मग मालमत्तेची यादी आणि किमती, मग एक्झिक्युटरचा हिशेब, मग वाटप, आणि अज्ञान मुलं असतील तर पालकांचे जामीनकतबे. हिशेब सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत कामाचा. मृत्युपत्रात जी मुलगी नुसती 'मेरी' आहे, ती आठ वर्षांनी हिशेबात 'अमक्याला त्याच्या बायकोच्या वाट्यापोटी' अशी तिच्या नवऱ्याच्या नावाने भेटते.

आता तुमच्या मृत्युपत्रातली कोडी. एक शिलिंग मिळालेला थोरला बापाच्या मनातून उतरला होता, असा अर्थ लोक पटकन काढतात. बहुतेक वेळा तो आधीच वाटा घेऊन बसलेला असतो. त्याचं नाव घेतलं नाही तर 'वडील विसरले' म्हणत तो दावा लावेल, म्हणून शिलिंग. दस्तांच्या वहीत त्या बापाकडून त्या मुलाला दिलेलं बक्षीसपत्र शोधा. 'नैसर्गिक प्रेम व माया' या मोबदल्यात किंवा पाच शिलिंगात दिलेली जमीन दिसेल. ते सापडलं नाही तर दुसरी शक्यता अधिक रंजक आहे: थोरल्याला जमीन आजोबांकडून येत असेल.

याचं कारण कायद्यात आहे. व्हर्जिनियात मृत्युपत्र न करता कोणी मेला तर सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जाई. ही पद्धत मोडणारा कायदा १७८५ चा, आणि तो अमलात आला १७८७ च्या सुरुवातीला. शिवाय 'एन्टेल'ची बेडी होती: ज्या जमिनीवर ती असे ती पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या वारसालाच जायची, धन्याला ती मृत्युपत्राने दुसऱ्या कुणाला देता येत नसे. एन्टेल रद्द झालं १७७६ मध्ये. म्हणजे १७६० च्या दशकातल्या मृत्युपत्रात एखाद्या जमिनीचा किंवा थोरल्याचा उल्लेख नसणं हे 'नाही' असल्याचा पुरावा नव्हे. उलट कधीकधी तोच धागा असतो. एन्टेल काढून जमीन विकायची तर मोठ्या मिळकतीसाठी विधिमंडळाकडून खास कायदा करून घ्यावा लागे. त्या कायद्याच्या प्रस्तावनेत पन्नास-साठ वर्षांमागचं मृत्युपत्र, कोण कुणाचा मुलगा, कोण निपुत्रिक मेला, सगळी कुळकथा सांगितलेली असते. आडनावाने ते खाजगी कायदे जरूर चाळा. मूळ मृत्युपत्र जळालं तरी ही प्रस्तावना छापील स्वरूपात उरलेली आहे.

'सन-इन-लॉ'चं कोडं सोपं. त्या काळी हा शब्द जावयाला लागे तसा सावत्र मुलालाही लागे. मुली बिनलग्नाच्या आणि या तरुणाचं आडनाव वेगळं, तर तो बायकोच्या पहिल्या घरचा मुलगा असण्याची शक्यता दाट. म्हणजे त्याच्या आडनावाचा एक पुरुष दहा-पंधरा वर्षांपूर्वी त्याच परिसरात वारलेला असणार, आणि त्याची विधवा आधी एकटीने, मग नव्या नवऱ्यासोबत त्याच्या मिळकतीचा हिशेब कोर्टाला देत असणार. तो हिशेब काढलात की बायको कोण, हे बरंचसं उलगडेल. आणखी एक गोष्ट आपोआप पुढे येईल: मृत्युपत्रातली बायको सगळ्या मुलांची आई असेलच असं नाही. 'कझिन' म्हणजे पुतण्या-भाचा असू शकतो, 'ऑर्फन' म्हणजे बाप नसलेला, आई हयात असली तरी. 'सीनियर-ज्युनियर' म्हणजे एका गावातले एकाच नावाचे दोघे, थोरला आणि धाकटा. काका-पुतणेही असतील, अजिबात नातं नसलेलेही असतील. थोरला वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होतो, हे तर फारच घात करतं.

तारखांचा एक सापळा इथेच सांगतो. १७५२ पर्यंत इंग्रजी राज्यात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून २० डिसेंबर १७४० चं मृत्युपत्र २ फेब्रुवारी १७४० ला कोर्टात आलेलं दिसलं तर कारकून चुकलेला नाही. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७४१ चा. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या गणनेत ११ फेब्रुवारी १७३१/३२, नव्या गणनेत २२ फेब्रुवारी १७३२, तो याच कारणाने. टिपणात तारीख कागदावर आहे तशी लिहा आणि बदललेलं वर्ष शेजारी. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी महिने अंकांनी लिहीत आणि १७५२ पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च असे.

आता मुख्य प्रश्न, बाप कोण. मृत्युपत्र पुढच्या पिढीचं सांगतं. मागच्या पिढीसाठी हा माणूस लुनेनबर्गात जमीनदार कसा झाला, तिथे जायला हवं. एक तक्ता करा. डावीकडे त्याच्याकडे आलेली प्रत्येक जमीन: एकर, ओढा, तारीख, कुणाकडून, कशाने (सरकारी पेटंट म्हणजे सरकारने दिलेल्या जमिनीची सनद, खरेदी, बक्षीस, वारसा). उजवीकडे गेलेली प्रत्येक जमीन, तशीच. दोन्ही बाजूंची एकरांची बेरीज जुळली पाहिजे. उजवीकडे दिडशे एकर विकलेले आहेत आणि डावीकडे ते कधी आलेच नाहीत, असं दिसलं तर ते वारशाने किंवा बायकोकडून आले. हा न जुळणारा हिशेब म्हणजेच तुमची वाट.

त्याचं सर्वांत पहिलं खरेदीखत नीट वाचा. त्या काळच्या दस्तात घेणाराचं आणि देणाराचं राहण्याचं ठिकाण लिहीत. 'अमेलिया काउंटीचा अमुक' असं त्याच्याबद्दल लिहिलेलं असेल तर तो लुनेनबर्गला येण्यापूर्वी अमेलियात होता. मग अमेलियाच्या वह्यांत त्याच वर्षाच्या आगेमागे त्याच नावाच्या माणसाने जमीन विकलेली शोधा. जमीन विकताना बायकोला तिचा डॉवरचा हक्क, म्हणजे नवऱ्याच्या जमिनीच्या एक तृतीयांशाचा तहहयात उपभोग, सोडावा लागे, आणि नवऱ्याचं दडपण नाही ना हे विचारायला तिला बाजूला घेऊन तपासत. त्यामुळे बायकोचं नाव मिळतं आणि दोन ठिकाणचा माणूस एकच की दोन, हे पडताळता येतं. विकलेली ती जमीन त्याच्याकडे कशी आली, हे पाहिलं की बहुधा बापाचं दार उघडतं: 'माझे वडील अमुक यांच्या मृत्युपत्रान्वये' असं दस्तातच लिहिलेलं सापडतं. जुन्या दस्तांत एका व्यवहाराचे दोन कागद असतात. पहिल्या दिवशी एक वर्षाचा भाडेपट्टा, दुसऱ्या दिवशी मालकी सोडून दिल्याचा. भाडेपट्टा वाचून 'यांनी जमीन भाड्याने घेतली' असं टिपून ठेवणारे खूप आहेत. तो विक्रीचाच अर्धा भाग.

हे करताना काउंटीच्या हद्दी हलत असतात. आज हेन्री काउंटीत असलेली जमीन घ्या: १७७७ पूर्वी ती पिट्सिल्व्हेनियात, १७६७ पूर्वी हॅलिफॅक्समध्ये, १७५२ पूर्वी लुनेनबर्गात, १७४६ पूर्वी ब्रन्सविकमध्ये. घर न हलवता एका माणसाचे कागद पाच कोर्टांत. त्यातही ब्रन्सविकचा कायदा १७२० चा, पण तिचं कोर्ट प्रत्यक्ष बसलं १७३२ मध्ये. मधल्या वर्षांचे दस्त प्रिन्स जॉर्ज काउंटीत नोंदले गेले, आणि प्रिन्स जॉर्जचं दप्तर बरंचसं नष्ट झालं आहे. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने काउंट्यांच्या हद्दींचा तारीखवार नकाशा ऑनलाइन मोफत ठेवला आहे. कुठल्याही वहीला हात लावण्यापूर्वी तो उघडून त्या वर्षी ती जमीन कुठे होती हे बघायचं, ही सवय लावून घ्या.

दोन सारख्या नावांच्या माणसांत गल्लत झाली तर जमीन कागदावर आखा. चतुःसीमा अशी असते: ओढ्यावरच्या पांढऱ्या ओकपासून उत्तर ४० अंश पूर्व, २०० पोल, तिथून पाइनपर्यंत इतके पोल, मग अमक्याच्या हद्दीने खाली. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. ३२० पोल म्हणजे एक मैल. १६० चौरस पोल म्हणजे एक एकर. २०० बाय १६० पोलांचा चौकोन २०० एकरांचा. आखलेली आकृती बंद झाली नाही तर नक्कल करताना एखादी रेघ सुटली आहे किंवा दिशा उलटी लिहिली आहे. कोणती बदलल्यावर ती बंद होते आणि एकर जुळतात ते करून बघा. दिशा चुंबकीय उत्तरेच्या, आणि ती उत्तर तेव्हापासून सरकली आहे, म्हणून आजच्या नकाशावर बसवताना आकृती ओढ्याला जुळेपर्यंत थोडी फिरवावी लागते. शेजाऱ्यांच्याही जमिनी आखल्या की नकाशा भरत जातो, आणि एकाच नावाचे दोघे दोन ओढ्यांवर वेगळे उभे राहतात. निरक्षर असेल तर त्याची निशाणी बघा. कोणी फुली करतो, कोणी नावाचं आद्याक्षर, आणि बरेच कारकून ती निशाणी नकलेतही जशीच्या तशी काढत.

वय काढायला 'टाइदेबल'च्या याद्या, म्हणजे डोईपट्टीच्या याद्या. गोरे पुरुष सोळाव्या वर्षापासून, आणि गुलामीतले पुरुष व स्त्रिया दोन्ही सोळाव्या वर्षापासून करास पात्र. लुनेनबर्गच्या १७४८ पासूनच्या काही वर्षांच्या याद्या टिकल्या आहेत, हे तुमचं नशीब. बापाच्या नावाखाली मुलाचं नाव ज्या वर्षी पहिल्यांदा येतं तेव्हा तो नुकताच सोळाचा. स्वतःच्या नावावर आला की साधारण एकविशी ओलांडलेला. मधल्या वर्षाची यादी नसेल तर 'नुकताच' हा शब्द वापरू नका. चौदा वर्षांचं पोरकं मूल स्वतःचा पालक निवडू शके, त्याहून लहानाचा पालक कोर्ट नेमी. म्हणून 'निवडला' आणि 'नेमला' यांतला फरक वयाचा पुरावा आहे. दर चार वर्षांनी पॅरिशच्या हुकमाने शेजारी मिळून एकमेकांच्या जमिनींच्या हद्दी चालून बघत. या फेऱ्यांच्या याद्यांत वारलेल्याच्या जागी कोण आलं हे दिसतं.

या मृत्युपत्रांत आणि मालमत्तेच्या याद्यांत माणसंही असतात, नावानिशी आणि किमतीनिशी, गाईगुरांच्या आधी किंवा नंतर लिहिलेली. १७०५ च्या कायद्याने व्हर्जिनियात गुलाम वारशापुरते स्थावर मानले गेले. म्हणून ते जमिनीच्याच वाटेने घराण्यात फिरत राहिले. ही नावं टिपणातून गाळू नका. आई गुलाम तर मूलही गुलाम हा १६६२ चा कायदा, त्यामुळे 'बेटी आणि तिचं मूल' अशी नोंद एखाद्या कृष्णवर्णीय कुटुंबासाठी तीन पिढ्यांतला एकमेव लेखी दुवा असू शकते. आणि तुमच्या कामासाठीही: एका मृत्युपत्रात मुलीला दिलेली व्यक्ती दहा वर्षांनी ज्याच्या यादीत दिसते, तो बहुधा त्या मुलीचा नवरा.

सगळं एकत्र कसं बसतं ते वॉशिंग्टन घराण्यात बघा. पोटोमॅकच्या काठावरची पाच हजार एकर जमीन १६७४ मध्ये जॉन वॉशिंग्टन आणि निकोलस स्पेन्सर यांना मिळाली. १६९० मध्ये वाटणी होऊन अडीच हजार एकर जॉनच्या मुलाकडे, लॉरेन्सकडे राहिले. तो १६९८ मध्ये वारला आणि जमीन गेली मुलीकडे, मिल्ड्रेडकडे. तिने १७२६ मध्ये ती १८० पौंडांना भावाला, ऑगस्टीनला विकली. ऑगस्टीनकडून ती त्याचा पहिल्या बायकोपासूनचा थोरला मुलगा लॉरेन्स याच्याकडे आली, आणि त्याने तिला माउंट व्हर्नन नाव दिलं. १७४३ मध्ये ऑगस्टीन गेला तेव्हा त्याचा दुसऱ्या बायकोपासूनचा मुलगा जॉर्ज, पुढचा राष्ट्राध्यक्ष, अकरा वर्षांचा. त्याच्या वाट्याला फेरी फार्म नावाची शेती आणि गुलामीतली दहा माणसं. लॉरेन्स १७५२ च्या जुलैत गेला. त्याच्या मृत्युपत्राने माउंट व्हर्ननमध्ये बायको ॲनला तहहयात हक्क, नंतर मुलीला, मुलगी निपुत्रिक गेली तर जॉर्जला. ॲनने त्याच वर्षी डिसेंबरात जॉर्ज ली याच्याशी लग्न केलं. मुलगी १७५४ मध्ये गेली. त्या वर्षाअखेरीस जॉर्जने ही जमीन ॲन आणि तिच्या नव्या नवऱ्याकडून वर्षाला १५,००० पौंड वजनाच्या तंबाखूच्या बोलीने भाडेपट्ट्यावर घेतली, आणि ॲन १७६१ मध्ये वारल्यावर तो धनी झाला.

जॉर्जच्या नावे माउंट व्हर्ननचं खरेदीखत शोधणाऱ्याला ते कधीच मिळणार नाही. मध्ये एक बहीण आहे, एक विधवा आहे, तिचा दुसरा नवरा आहे, एक लहानपणी गेलेली मुलगी आहे. तुमच्या लुनेनबर्गच्या शेतकऱ्याच्या मागेही असंच कुणीतरी असेल, फक्त एकर कमी.

समुद्र ओलांडण्याचा धडाही याच घराण्यात आहे, आणि तुमच्या सरदाराचं उत्तरही. १७९१ च्या अखेरीस इंग्लंडचे मुख्य राजचिन्हाधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी राष्ट्राध्यक्षांना त्यांच्या पूर्वजांबद्दल विचारलं. वॉशिंग्टनने १७९२ मध्ये कळवलं, की या विषयाकडे आपण फारसं लक्ष दिलेलं नाही. हर्ड यांनी नावं जुळवून ठरवलं, की व्हर्जिनियात आलेले जॉन आणि लॉरेन्स हे इंग्लंडमधल्या सल्ग्रेव्ह गावच्या लॉरेन्सचे मुलगे. नावं जुळत होती, घराणं बरोबर होतं, आणि तरी जोडणी चूक. १८६६ मध्ये वंशावळींचे अभ्यासक जोसेफ लेम्युएल चेस्टर यांनी दाखवलं, की तो जॉन पुढे 'सर' झाला आणि तो लॉरेन्स धर्मोपदेशक होता. दोघेही व्हर्जिनियाला आलेले नव्हते. खरा दुवा हेन्री वॉटर्स यांनी १८८९ मध्ये मांडला, तो मृत्युपत्रांतून. हर्टफर्डशरमधल्या ट्रिंग गावच्या अँड्र्यू नोलिंगने आपल्या मृत्युपत्रात लॉरेन्स वॉशिंग्टन या धर्मपुत्राला वारस केलं होतं आणि त्याची आई ॲम्फिलिस हिला 'डॉटर-इन-लॉ' म्हटलं होतं. ती सून नव्हे, सावत्र मुलगी. तिच्या मुलांत जॉन आणि मार्था आहेत. ॲम्फिलिस वारल्यावर तिच्या मिळकतीचा अधिकार मिळाला जॉनला. पलीकडे व्हर्जिनियात १६७५ च्या मृत्युपत्रांत जॉन आपल्या मार्था नावाच्या बहिणीचा उल्लेख करतो, आणि लॉरेन्स इंग्लंडमधली मिळकत तिथल्या मेरी नावाच्या मुलीला देतो; ल्यूटनच्या नोंदवहीत ही मेरी सापडते. दोन किनाऱ्यांवरची एकच भावंडं. हर्ड एका पिढीने चुकले होते: त्यांनी पकडलेला लॉरेन्स हा आलेल्यांचा बाप होता.

तुमच्या ऑनलाइन वंशवृक्षात असा दोन्ही किनाऱ्यांवरचा कागद आहे का, एवढंच विचारा. नुसतं नाव आणि अंदाजे जन्मवर्ष जुळत असेल तर ती जोडणी खोडा. पैसे घेऊन सरदारांचे पूर्वज पुरवणारे लोक होते. गुस्ताव्ह आँजू हा त्यातला कुप्रसिद्ध, आणि त्याच्या बनावट वंशावळी आजही या झाडांत नकलून फिरतात. घराण्यातली समजूतही जपून घ्या. राष्ट्राध्यक्ष जेफरसनने वडिलांकडचा पूर्वज वेल्समधून, स्नोडन पर्वताच्या परिसरातून आल्याची समजूत लिहून ठेवली; कागदांनी ती पक्की झालेली नाही. इंग्लंडकडचा कागद शोधायचा तर कँटरबरीच्या प्रीरॉगेटिव्ह कोर्टातली १३८४ ते १८५८ ची मृत्युपत्रं ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'प्रॉब ११' या मालिकेत आहेत. तिकडे मिळकत असलेल्या वसाहतीतल्या लोकांचीही त्यात सापडतात. पेटंटमधल्या 'हेडराइट'च्या नावांवरून मात्र येण्याचं वर्ष ठरवू नका. माणूस आणल्याबद्दल पन्नास एकरांचा तो हक्क विकला जाई, आणि वापरला जाई कित्येक वर्षांनी.

माग जळालेल्या काउंटीत शिरला तर काय, हे विचारलेलं नाही, पण व्हर्जिनियात ते टळत नाही. १८६५ च्या एप्रिलमध्ये रिचमंड जळालं तेव्हा सुरक्षित म्हणून तिथे पाठवलेली काउंट्यांची दप्तरं जळाली. हॅनोव्हरचं बरंच दप्तर त्यात गेलं. बकिंगहॅमचं कोर्ट १८६९ मध्ये जळालं. अशा ठिकाणी सरकारी पेटंटं वाचलेली असतात, कारण ती वेगळ्या दप्तरात होती. पॅरिशच्या वह्या बघा. शेजारच्या न जळालेल्या काउंटीत त्या लोकांनी केलेले व्यवहार बघा. आणि चॅन्सरी कोर्टाचे, म्हणजे वाटण्या-वारशाची भांडणं ऐकणाऱ्या कोर्टाचे, दावे: भावंडं भांडली की आजोबांच्या मृत्युपत्राची नक्कल दाव्याला जोडत, आणि दावा दुसऱ्या काउंटीत चालला असेल तर ती नक्कल वाचली. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने चॅन्सरीची सूची आणि हरवलेल्या दप्तरांच्या सापडलेल्या नकला ऑनलाइन ठेवल्या आहेत.

घराण्याची एखादी शाखा दुसऱ्या वसाहतीत निघाली तर नियम बदलतात, एवढं भान ठेवा. मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमध्ये मृत्युपत्र नसेल तर थोरल्याला दुप्पट वाटा आणि बाकीच्यांना एकेक. ऱ्होड आयलंडमध्ये मृत्युपत्रं गावागावात नोंदलेली. मेरीलँडमध्ये १७७७ पर्यंत सगळं ॲनापोलिसच्या मध्यवर्ती कोर्टाकडे जाई, त्यामुळे काउंटीचं कोर्ट जळालं तरी मृत्युपत्र मिळू शकतं.

फॅमिलीसर्चने २०२४ मध्ये हस्तलिखितांच्या संपूर्ण मजकुरात शोध घ्यायची सोय केली. अमेरिकेतली मृत्युपत्रं आणि दस्त त्यात आहेत. याने काम पालटलं आहे, पण यंत्र जुना लांब 'एस' अनेकदा 'एफ' वाचतं. म्हणून आडनाव तीन-चार प्रकारे टाका. त्याहून चांगलं म्हणजे आडनाव न टाकता ओढ्याचं नाव आणि साक्षीदाराचं विरळा नाव टाका. सापडलेल्या पानाची प्रतिमा, वही आणि पान क्रमांक लगेच टिपा. यंत्राने केलेलं वाचन पुरावा म्हणून चिकटवू नका. मूळ पान डोळ्यांनी वाचा.

तुमच्यासाठी क्रम असा लावतो. मृत्युपत्राचं पूर्ण पान आणि ऑर्डर बुकातली त्या दिवसाची नोंद. मग त्या 'सन-इन-लॉ'च्या आडनावाचा कोणी १७४० ते १७६० दरम्यान लुनेनबर्ग, ब्रन्सविक किंवा अमेलियात वारला का. मग लुनेनबर्गच्या दस्तांच्या सूचीत तुमचा माणूस घेणारा आणि देणारा म्हणून, दोन्ही बाजूंनी, आणि एकरांचा तक्ता. पहिल्या खरेदीखतात 'ऑफ' या शब्दापुढे कोणत्या काउंटीचं नाव आहे ते मिळालं की पुढचा शोध त्या काउंटीत. ते नाव लुनेनबर्गच निघालं किंवा जमीन पेटंटने आलेली असली, तर पेटंटच्या मोजणीची तारीख काढा, कारण मोजणी आणि पेटंट यांत काही वर्षांचं अंतर असतं, आणि त्या मोजणीच्या हद्दीला लागून कोण कोण होते त्यांची नावं घेऊन हीच रीत त्यांच्यावर चालवा. शेजारी बहुधा एकाच जुन्या काउंटीतून मिळून आलेले असतात.